हॅक स्क्वॉट की पेंड्युलम? निर्णय बेअरिंगपाशी होतो

पायांसाठी एकच मोठं मशीन घ्यायचं किंवा बनवून घ्यायचं असेल, तर प्रश्न फिरून दोघांपाशीच येतो: रुळांवर सरकणारं हॅक आणि पिव्हटवर (आडव्या आसावर) झुलणारं पेंड्युलम. दोन्हींत पाठ आणि खांदे पॅडला टेकवून स्क्वॉट, म्हणजे वजनासह उठाबशा, काढायच्या असतात. उभ्या रुळांत बार अडकवलेलं स्मिथ मशीन मी इथे धरलेलं नाही. त्यात बार खांद्यावरच राहतो आणि पाठीला टेकू मिळत नाही, म्हणजे ज्या सोयीसाठी मशीन हवं तीच जाते. बेल्ट स्क्वॉट चांगला, पण कमरेला वजन टांगायचं गणित वेगळं आहे, त्याला स्वतंत्र जागा हवी.

कागदावर हॅक सोपं आहे. रूळ ४५ अंशांत असतील तर वजनाचा रुळाच्या दिशेने येणारा भाग ०.७ पट. १०० किलोच्या प्लेट चढवल्या की पायांवर साधारण ७१ किलो येतात, वर कॅरेजचा (पॅड आणि प्लेट लावलेल्या, रुळांवर सरकणाऱ्या चौकटीचा) आणि तुमच्या शरीराचा त्याच प्रमाणातला वाटा. वरून खालपर्यंत हा आकडा बदलत नाही. पाठीचा कोनही बदलत नाही, त्यामुळे कुठल्याही उंचीच्या माणसाला तोच मार्ग आणि तोच भार मिळतो. घरात किंवा जिममध्ये पाच जणं एकच मशीन वापरणार असतील तर ही गोष्ट लहान नाही.

कागदावर नसते ती गोष्ट म्हणजे घर्षण. ते नेहमी हालचालीच्या उलट दिशेने लागतं. उठताना ते वजनात मिळवायचं, उतरताना वजा करायचं. स्वस्त मशीनमध्ये कॅरेज साध्या नायलॉनच्या किंवा पितळी बुशवर (गोळ्या नसलेल्या कड्यावर) सरकते. घर्षणाचा गुणांक (दाबाच्या किती पट घर्षण लागतं तो आकडा) ०.१५ धरला, तर त्याच १०० किलोंवर उठताना ८१ आणि उतरताना ६०. म्हणजे एकाच रेपमध्ये (एका उठाबशीत) वर-खाली २१ किलोंचा फरक, आणि तोही नको त्या दिशेने. उतरताना पाय जास्त वजन पेलू शकतात, तिथेच मशीन हात देतं. उठताना दम निघतो, तिथे ते अंगावर बसतं. उतरणीचा सावकाश ताण देण्यासाठी हॅक करणाऱ्यांचा अर्धा हेतू इथेच वाया जातो.

तरीही भार थोडा कमी-जास्त झाला तर चालवून घेता येतं, प्लेट वाढवता येते. मला खटकलं ते तळाशी होणारं. थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर हा ती हलती ठेवायच्या जोरापेक्षा जास्त असतो. तळाशी कॅरेज क्षणभर थांबते, तुम्ही जोर लावता, काहीच होत नाही, आणखी जोर लावता आणि ती एकदम सुटते. गुडघा सर्वांत जास्त वाकलेला असताना, कंबर पॅडपासून सुटायच्या बेतात असताना हा झटका बसतो. हलक्या सेटमध्ये जाणवत नाही. वजन वाढलं की प्रत्येक रेपला जाणवतो. माझ्या गुडघ्यांना मशीनमधला हा एकच दोष पुरेसा होता. इतरांचे गुडघे कदाचित जास्त सोशिक असतील.

आणि २१ किलो हा बऱ्यापैकी मशीनचा आकडा आहे. खांद्याचे पॅड रुळांच्या रेषेत नसतात, पुढे असतात. तुमचा जोर पुढे लागतो, कॅरेज मागे धरलेली असते, म्हणून ती तिरकी व्हायला बघते. एका कोपऱ्याने ओढलेला ड्रॉवर अडकतो तसंच. वरचं बेअरिंग रुळाच्या एका अंगाला दाबतं, खालचं दुसऱ्या, आणि हा दाब घर्षण आणखी वाढवतो. यंत्रकामात बुशसाठी जुना आडाखा आहे: जोर लागतो ती रेषा रुळापासून जितकी लांब, त्याच्या निम्म्याहून कमी अंतर दोन बेअरिंगांमध्ये ठेवू नये, नाहीतर कॅरेज जागीच जाम होऊ शकते. पण ही जाम न होण्याची मर्यादा झाली, गुळगुळीत चालण्याची नव्हे. पॅड रुळापासून २५० मिमी पुढे असतील तर एका रुळावरच्या दोन बेअरिंगांमध्ये निदान ३०० मिमी अंतर मला हवं वाटतं. कॅरेज आखूड केली की पाइप वाचतो, मशीन सुटसुटीत दिसतं, आणि नेमकी हीच काटकसर बरेच जण करतात.

लिनिअर बॉल बेअरिंग हा यावरचा खरा उपाय. त्यांचा गुणांक बुशच्या कित्येक पट कमी असतो. मात्र त्यांना कडक केलेला, घासून मापात आणलेला शाफ्ट (रुळाचा गोल बार) लागतो, साधारण ६० एचआरसी कडकपणाचा. फॅब्रिकेशनवाला साधा ब्राइट बार किंवा वरून क्रोम केलेला मऊ बार घालतो. सुरुवातीला मशीन लोण्यासारखं चालतं, मग गोळ्या बारमध्ये चर पाडतात आणि कॅरेज त्या चरांत खडखडत जाते. पॉलियुरेथेनची चाकं हा मधला मार्ग. ती शाफ्टच्या बाबतीत इतकी नखरेल नसतात, पण प्लेट लावलेली कॅरेज रात्रभर एकाच जागी ठेवली की चाकं तिथे चपटी होतात आणि दर फेरीला टक् टक् लागते. प्लेट काढून ठेवायची शिस्त असेल तर चाकं वर्षानुवर्षं नीट चालतात.

घेण्याआधी हे सगळं तपासायला सामान बांधताना वापरतात तो हुकाचा ताणकाटा पुरतो. रिकामी कॅरेज काट्याने रुळाच्या दिशेने अगदी सावकाश वर ओढायची आणि चालू असताना आकडा बघायचा. मग तशीच सावकाश खाली येऊ द्यायची, पुन्हा आकडा. दोन्हींतल्या फरकाचा निम्मा म्हणजे घर्षण. वर ३६ आणि खाली २४ आले तर घर्षण ६ किलो, तेही रिकाम्या कॅरेजवर. प्लेट चढतील तसं ते वाढत जाणार. नंतर एकाच बाजूला २० किलोची प्लेट लावून तेच करायचं. आकड्यांतली दरी प्लेटच्या वजनाच्या मानाने फारच रुंदावली तर रूळ समांतर नाहीत किंवा कॅरेज लवचीक आहे. विक्रेत्याला हा प्रयोग आवडत नाही, एवढं सोसावं.

आता पेंड्युलम. इथेही बेअरिंग आहे, त्यातही घर्षण आहे. पण ते लागतं ३० मिमीच्या शाफ्टच्या पृष्ठभागावर, म्हणजे केंद्रापासून १५ मिमीवर, आणि तुमचे खांदे असतात केंद्रापासून मीटरभर लांब. मशीनचा हात (पिव्हटपासून खांद्यांपर्यंतचा पाइप) ११०० मिमीचा धरला, पिव्हटवर १०० किलोंचा दाब धरला आणि बेअरिंगऐवजी तोच ०.१५ गुणांकाचा दळभद्री बुश बसवला, तरी खांद्यावर फरक पडतो ०.२ किलो. काउंटरवेटमुळे (पिव्हटच्या मागच्या टोकाला तोलासाठी लावलेल्या वजनामुळे) पिव्हटवरचा दाब दुप्पट-तिप्पट झाला तरी वर-खाली मिळून दीड किलोच्या आत. तिथे २१, इथे दीड. पेंड्युलमवर तळाशी वळताना जो मऊपणा लागतो त्याचं कारण पॅडच्या फोममध्ये शोधू नये, ते या भागाकारात आहे. चांगलं हॅक बनवायला चांगले भाग लागतात. पेंड्युलम मध्यम भागांतही चांगलं चालतं. माझं पारडं झुकलं ते इथे.

पेंड्युलमचा भार मात्र एकसारखा नसतो, आणि तो कसा बदलेल हे पूर्णपणे बनवणाऱ्याच्या हातात असतं. पिव्हटपासून प्लेटपर्यंतची रेषा आडवी असते तेव्हा भार सर्वांत जास्त. ती आडवीपासून जितकी वर किंवा खाली, तितका कमी. खांद्यांचा प्रवास ६० सेंमी आणि हात १२० सेंमी असेल तर हात जेमतेम २९ अंश फिरतो. आडव्याच्या वर २५ अंशांपासून सुरू होऊन थोडा खाली गेला, तर भार ०.९१ पासून १ पर्यंत जातो. दहा टक्के, फारसं काही नाही. खरा खेळ प्लेटची दांडी हातावर कुठे बसवली याचा. तीच दांडी हाताच्या रेषेच्या ४० अंश वर वेल्ड केली, तर सुरुवातीला ०.४२ आणि तळाशी ०.८१: तळाशी भार जवळजवळ दुप्पट. ३० अंश खाली वेल्ड केली तर सुरुवातीला पूर्ण आणि तळाशी ०.८३. ताकद तळाशी सर्वांत कमी असते, म्हणून मला दांडी हाताच्या रेषेत किंवा किंचित खाली असलेलं मशीन बरं वाटतं. तळाशी मुद्दाम जास्त ताण हवा असणारे याच्या उलट निवडतील, त्यांचंही चुकत नाही. हालचालीत भार बदलत ठेवायची कल्पना जुनीच. आर्थर जोन्स यांनी १९७० च्या दशकात नॉटिलस मशीनमध्ये ती कॅममधून, म्हणजे पूर्ण गोल नसलेल्या चाकातून, आणली. इथे कॅमचं काम वेल्डिंगचा कोन करतो. मशीन बाजूने बघा, तळाच्या स्थितीत प्लेट पिव्हटच्या पातळीत आहे का तेवढं पाहा. माहितीपत्रक न वाचताही कळतं.

पाठीचा पॅड हातावर पक्का असल्याने तोही २९ अंश फिरतो. पिव्हट पाठीमागे असेल तर वर मागे रेललेलं शरीर खाली येता येता सरळ होतं. बहुतेकांच्या कमरेला हे मानवतं. फूटप्लेट मात्र स्थिरच असते, त्यामुळे तिचा कोन बदलता यायला हवा. घोटा कमी वाकणाऱ्यांना पुढची कड वर घेतलेली चालत नाही. फार उंच आणि फार बुटक्या माणसांना वर्तुळाचा वेगवेगळा तुकडा मिळतो, म्हणजे भारही थोडा वेगळा. खांद्याच्या पॅडची उंची बदलता येत नसेल तर तसं पेंड्युलम घेऊ नये, इथे मी फारशी सवलत देणार नाही.

पेंड्युलममध्ये बिघडतं ते आडव्या दिशेने. पिव्हटची दोन बेअरिंगं १०० मिमीवर बसवली आणि त्यांत एक मिलिमीटर ढिलाई आली, तर ११०० मिमी लांब टोकाला ती ११ मिमी होते आणि मशीन डुलायला लागतं. बेअरिंगं ४०० मिमीवर असली तर तीच ढिलाई तीन मिमीच्या आत. पिलो ब्लॉक (बोल्टने बसवायचं, घरासकट मिळणारं बेअरिंग) वापरत असाल तर यूसीपी २०६ (३० मिमी शाफ्ट) चालतो, जड वापराला यूसीपी २०८ (४० मिमी) घ्यावा. यांची आतली रिंग ग्रब स्क्रूने (डोकं नसलेल्या छोट्या स्क्रूने) शाफ्टला धरलेली असते आणि सततच्या पुढे-मागे हालचालीने तो स्क्रू सैल होतो, मग शाफ्ट हळूहळू एका बाजूला सरकतो. शाफ्टवर स्क्रूसाठी खळगा करून घ्यावा, थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावावं, आणि दोन्ही टोकांना कॉलर द्यावी. दुसरं, २९ अंशांत गोळ्या पूर्ण फेरी कधीच मारत नाहीत; ठरावीक जागीच झिजतात आणि ग्रीस बाजूला ढकललं जातं. ग्रीस भरताना हात शक्य तितका पूर्ण टोकापासून टोकापर्यंत फिरवावा.

काउंटरवेटबद्दल सावध राहावं. त्यामुळे रिकामं मशीन नवख्यालाही पेलतं, हॅकच्या ४० किलोंच्या रिकाम्या कॅरेजसारखी अडचण येत नाही. पण काउंटरवेट भार कमी करतं, वस्तुमान वाढवतं. झपाट्याने रेप मारले तर वळताना मशीन फरफटत नेतं. शिवाय तुम्ही खाली जाता तेव्हा मागचं टोक वर उसळतं, आणि ते टोक तुम्हाला दिसत नसतं. मागे जाळी लावावी किंवा मशीनची पाठ भिंतीकडे करावी. झुलण्याची जागा सोडून.

हॅकला मोडीत काढायचा माझा हेतू नाही. अनेक उंचीची माणसं, प्रत्येकाला तोच भार, आणि मागे झुलणारं काही नको अशी गरज असेल तर हॅकच योग्य. तेव्हा जोडणीवर मात्र तडजोड नको. रूळ वेल्ड करू नयेत, वेल्ड आकसतो आणि समांतरपणा जातो; लांबट भोकांत बोल्टने बसवावेत. आधी एक रूळ पक्का करायचा, दुसऱ्याचे बोल्ट हाताने आवळून सोडायचे. कॅरेज वरच्या टोकाला नेऊन वरचे बोल्ट कसायचे, मग तळाला नेऊन तळाचे, आणि पुन्हा वर नेऊन अडकत नाही ना हे बघायचं. बॉल बेअरिंगचा शाफ्ट कापडाने पुसून पातळ तेलाचा हात फिरवावा. उघड्या शाफ्टवर जाड ग्रीस थापलं तर धूळ धरतं. चाकांच्या रुळांना मात्र तेल लावूच नये, ते कोरडे आणि स्वच्छ हवेत, नाहीतर चाक फिरण्याऐवजी घसरतं आणि एका अंगाने झिजतं.