प्रोसेसर आठ कोरचा, बिल सोळाचं: प्रॉक्समॉक्सवर नऊ महिने

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप. दोन सर्व्हर, प्रत्येकात आठ-आठ कोरचे दोन प्रोसेसर. एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीनं (व्हीएम) चालवणाऱ्या व्हीएमवेअरचं जुनं, एकदाच पैसे भरलेलं लायसन्स. सपोर्ट संपत आला म्हणून डीलरकडून कोटेशन मागवलं, तर आमचे कोर बत्तीस आणि त्यात ६४! टायपिंगची चूक असेल म्हणून फोन केला. "नाही साहेब, प्रोसेसरमागे कमीत कमी सोळा धरावेच लागतात." घरात माणसं आठ आणि पाणीपट्टी सोळांची. रकमेचा कॉलम मी नंतर पाहिला. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरातच कायमची लायसन्सं विकणं बंद केलं, म्हणजे हे लचांड दरवर्षीचं. गंमत बघा, त्यातल्या एका डब्याचे व्हीएमवेअर बत्तीस कोर धरतं, आणि विंडोज सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्ट सोळाच मोजतं. तिथे प्रोसेसरमागे किमान आठ.

जानेवारी २०२५ मध्ये प्रॉक्समॉक्सवर गेलो. काम व्हीएमवेअरचंच, पण ओपन सोर्स, फुकट वापरता येतं. ईएसएक्सआयवरून (व्हीएमवेअरचं सर्व्हरवर बसणारं मूळ सॉफ्टवेअर) आभासी मशीन आयात करायची सोय आतच आहे. लिनक्सची मशीनं एका दुपारीत आली. अकाउंट्सचं विंडोज मात्र निळा पडदा दाखवून बसलं. चूक माझीच, व्हर्टआयओचे ड्रायव्हर (विंडोजला नवी आभासी डिस्क ओळखता यावी म्हणून लागतात ते) आधी टाकले नव्हते. डिस्क साटा या नेहमीच्या जोडणीवर लावून मशीन उठवलं, एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क लावून ड्रायव्हर बसवला, मग मूळ डिस्क व्हर्टआयओवर हलवली. रात्रीचे दोन वाजले.

एप्रिलमध्ये फुकटचा ईएसएक्सआय परत आला, तेव्हा जीव चुटपुटला. उगाच घाई केली का? मग मर्यादा वाचल्या. सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं व्हीसेंटर नाही, एका मशीनला आठच व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), आणि बॅकअप सॉफ्टवेअरला आत शिरायला दारच नाही. बॅकअपशिवाय अकाउंट्सचं मशीन? चुटपूट तिथेच संपली.

सगळंच फुकट झालं असं समजू नका. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स दोनच व्हीएमना पुरतं. आमची चार, म्हणून सगळे कोर दोनदा मोजा. तिथला एक रुपया कमी झाला नाही.

आता खरा वैताग. दरवेळी लॉगिन केलं की प्रॉक्समॉक्सची 'नो व्हॅलिड सबस्क्रिप्शन' (वैध सबस्क्रिप्शन नाही) अशी खिडकी. मी डोळे मिटून ओके दाबायचो. एकदा शेठ मागे उभे होते. "हे चोरीचं आहे का रे?" पंधरा मिनिटं ओपन सोर्स समजावलं. "ते ठीक आहे, पण ऑडिटर आला तर त्यालाही एवढंच ऐकवणार का?"

शेवटी प्रॉक्समॉक्सचं सगळ्यात खालचं सबस्क्रिप्शन घेतलं, चार सॉकेटचं, म्हणजे चार प्रोसेसरचं. इथे प्रोसेसर आठ कोरचा असो की चौसष्टचा, पैसे तेवढेच. घरच्या टेस्ट मशीनवर मात्र अजून ओकेच दाबतो.