घरचं टोनोमीटर आणि अडीच महिने पुरलेली बाटली

डोळ्याचं प्रेशर घरच्या घरी मोजायचं यंत्र घेऊन मला आता आठ महिने झाले. घेण्याआधी मी लोकांचे अनुभव शोधत होते. तेव्हा एकतर खोकं उघडल्या दिवशीचं कौतुक सापडायचं, नाहीतर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं काहीतरी. रोज वापरून कंटाळलेल्या माणसाचं कुठेच काही नव्हतं. ती जागा मी भरते.

आधी माझी केस. वय ५४, काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसभर डोळेच राबवायचे. तीन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि काचबिंदू निघाला. ओपन अँगल, म्हणजे न दुखता सावकाश पुढे सरकणारा प्रकार. डाव्या डोळ्याची नस (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी) जास्त खराब, उजव्याची सुरुवात. प्रेशर तेव्हा डावीकडे २६, उजवीकडे २४. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हे नॉर्मल धरतात. त्यातून माझा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, पातळ निघाला, ५०२ मायक्रॉन; सरासरी ५४०च्या आसपास असते. कॉर्निया पातळ असला की यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी आकडा येतो, त्यामुळे माझे ते २६ प्रत्यक्षात किती होते कोण जाणे. रात्री प्रत्येक डोळ्यात लॅटॅनोप्रोस्ट या प्रेशर उतरवणाऱ्या औषधाचा एक थेंब सुरू झाला आणि डॉक्टरांनी टार्गेट दिलं, १५ किंवा त्याखाली.

आईलाही काचबिंदू होता. दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा नेहमी लागायचा आणि आम्ही तिला धांदरट म्हणायचो. कडेचं दिसणं आधी जातं आणि मेंदू ती रिकामी जागा बेमालूम भरून काढतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

दवाखान्यात माझं प्रेशर दर वेळी छान यायचं. १५, १४, १५. अपॉइंटमेंटही ठरलेली, सकाळी अकराची. तरी दुसऱ्या वर्षीच्या फील्ड टेस्टमध्ये डाव्या डोळ्यात वरच्या बाजूला काळा डाग वाढलेला दिसला. (नजरेचा घेर तपासायची ती टेस्ट म्हणजे अंधाऱ्या खोबणीत डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला त्यात दर वेळी आपण नापास होणार असं वाटतं.) डॉक्टर म्हणाल्या, "मला तुमच्या वर्षातली फक्त दोन-तीन मिनिटं दिसतात. प्रेशर दिवसभर एकसारखं नसतं, बऱ्याच जणांचं पहाटे वर जातं. घरी मोजून बघूया." असं ते यंत्र घरी आलं.

हे रिबाउंड टोनोमीटर आहे. डोळ्यावर हवेचा फटका मारणारं नाही. आत एक अगदी हलकी, टोकाला प्लॅस्टिकचा मणी असलेली तारेसारखी प्रोब असते. ती पुढे सरकून कॉर्नियाला स्पर्श करते आणि मागे उसळते. डोळा जितका टणक तितकी ती झटकन परत येते, त्यावरून यंत्र प्रेशर काढतं. डोळा बधिर करायचे ड्रॉप्स लागत नाहीत. स्पर्श म्हणाल तर सुटलेली पापणी डोळ्याला लागावी इतकाच, आणि तोही सहा वेळा, कारण सहा स्पर्श मिळून एक आकडा येतो.

वाचायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी माझा आकडा आला ३१. घाबरून पुन्हा मोजलं, २८. मग २२. अर्ध्या तासात नऊ अंकांचा फरक! पुढच्या भेटीत डॉक्टरांनी समोर बसवून मोजायला लावलं तेव्हा कळलं की मी तीन चुका एकदम करत होते. पापण्या आवळत होते, श्वास रोखत होते आणि पापणी वर धरताना बोट बुबुळावरच दाबत होते. या तिन्हींनी प्रेशर चढतं. पापणी धरायचीच असेल तर बोट भुवईखालच्या हाडावर टेकवायचं. कपाळाची आणि गालाची अशा दोन टेकण्या असतात, त्या आपल्या चेहऱ्याला एकदा जुळल्या की त्यांचे नंबर लिहून ठेवा. ताठ बसायचं, मान खाली घालायची नाही, समोरच्या दिव्याच्या कड्याकडे बघायचं. कडं हिरवं झालं की यंत्र सरळ आहे, लाल म्हणजे तिरकं. नीट जमायला मला दोन आठवडे लागले. माझ्या हाताला कंप नाही तरी एवढे. ज्यांचे हात थरथरतात त्यांनी घरातल्या दुसऱ्या कुणाकडून मोजून घेतलेलं बरं.

त्याच दिवशी त्यांनी आपल्या मोठ्या यंत्रावरही मोजलं. माझं घरचं यंत्र एक-दीडने जास्त दाखवतं. हे प्रत्येकाचं वेगळं असेल, पण एकदा दोन्ही शेजारी शेजारी मोजल्याशिवाय घरच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

त्यानंतर मला वेड लागलं. खोटं कशाला बोलू? पहिला महिनाभर मी दिवसाला बारा-चौदा वेळा मोजत होते. कॉफीआधी, कॉफीनंतर, प्रुफं तपासून झाल्यावर, शेजारणीशी वाद झाल्यावर. १९ आलं की दिवस खराब, १५ आलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. एकदा रात्री तीनला उठून दिवा लावला तेव्हा नवरा कुशीवर वळत म्हणाला, "अगं, सारखं थर्मामीटर लावून ताप उतरतो का?" प्रोब एकदा वापरून टाकायच्या असतात, त्यामुळे महिन्याभरातच डबी रिकामी झाली आणि वेडाला आपोआप लगाम बसला. हा प्रोबचा चालू खर्च यंत्र विकताना कुणी नीट सांगत नाही. यंत्राचं मोबाइल ॲपही मधूनच फोनशी बोलणं टाकतं, मग आकडे दिसत नाहीत. मी आता सरळ वहीत लिहिते.

तरी त्या वेडेपणातून काही गोष्टी हाती लागल्या. पहाटे उठल्याबरोबर पलंगाच्या कडेला बसून मोजलं तर २१, २२. सकाळी अकराला १६. म्हणजे दवाखान्यातली वेळ नेमकी माझी सर्वांत गुणी वेळ होती. आडवं झालं की प्रेशर वाढतं, हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे, आणि उठून बसल्यावर काही मिनिटांत उतरायला लागतं. म्हणून तोंडबिंड धुऊन येऊन मोजण्यात अर्थ नाही. माझं यंत्र झोपून चालत नाही, तेव्हा रात्रीचा खरा आकडा मला कधीच दिसणार नाही. कुशीवर झोपलं की खालच्या डोळ्याचं प्रेशर थोडं जास्त राहतं, आणि मी जन्मभर डाव्या कुशीवर झोपत आले. डाव्या डोळ्याचं नुकसान त्यानेच झालं असं कुणी छातीठोक सांगणार नाही, पण मी कूस बदलली आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली. नुसत्या उशा रचल्या तर मानच दुमडते, त्यापेक्षा पाठीपासून चढ असलेला बरा. पहाटेचा आकडा यानंतर एक-दीडने उतरलेला दिसतो. सगळ्यांना हा फायदा मिळतोच असं नाही.

पाण्याचं तर मी ठरवून बघितलं. सकाळी उठून लिटरभर पाणी एका दमात पिण्याची माझी वर्षानुवर्षांची सवय, मोठ्या अभिमानाची. पिण्याआधी १७. अर्ध्या तासाने २१. पाणी भरभर पिऊन प्रेशर किती चढतं ते बघायची एक जुनी तपासणीच आहे, आणि मी ती रोज सकाळी स्वतःवर करत होते! पाणी तेवढंच पिते, पण आता घोट घोट, दिवसभरात. कॉफीने एखाद-दुसरा अंक चढतो. ती मी सोडलेली नाही आणि डॉक्टरांनीही सोडायला सांगितलेली नाही. भरभर चालून आल्यावर दोन अंकांनी कमी दिसतं, पण ते काही तासांचंच सुख.

सर्वांगासनाने मात्र मला चकवलं. आसन सोडून, आवरून, यंत्र काढून मोजलं तर १७. वा, म्हटलं, हे निर्दोष आहे. डॉक्टरांना सांगितलं तर त्या हसल्याच. डोकं खाली, पाय वर असताना मिनिटभरात प्रेशर चढतं आणि उठून बसल्यावर दोन-चार मिनिटांत मूळपदावर येतं. मी मोजायला बसेपर्यंत चोर पळून गेलेला असायचा. शीर्षासनात तर ते जवळजवळ दुप्पट होतं. तेव्हा उलटी आसनं बंद. श्वास रोखून वजन उचलणं बंद. पोहायचा घट्ट चष्मा सैल पट्ट्याचा केला. डोळे चोळायची खोड अजून पूर्ण गेलेली नाही.

आता बाटलीबद्दल, कारण माझ्या मते या आठ महिन्यांतला खरा शोध तोच.

तिसऱ्या महिन्यात वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. पहाटेच्या आकड्यांचा मी रंगीत आलेख काढला होता. मनात पक्कं होतं की आता दुसरे ड्रॉप्स मिळणार, नाहीतर लेझर. त्यांनी आलेख बघितला. त्यात टेकाडं होती: चार-पाच दिवस १७-१८, मग तीन-चार दिवस २२-२३, मग पुन्हा खाली. त्यांनी पेन्सिलीने एकेक टेकाड गोल केलं आणि विचारलं, "आत्ता पर्समध्ये ड्रॉप्स आहेत का?" दिले. बाटलीवर औषधाच्या दुकानातल्या चिठ्ठीची तारीख होती. अडीच महिन्यांपूर्वीची.

अडीच मिलिलिटरची बाटली. दोन डोळ्यांत रोज एकेक थेंब म्हटलं तर महिन्याभरात संपत यायला हवी. उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांनी उरलेली टाकून द्यायची, तेही मी केलं नव्हतं. त्या काही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तपासणीच्या आदल्या आठवड्यात मात्र रोज घालत असाल."

घालत होते. शाळेत वही तपासायच्या दिवशी अक्षर सुधारतं तसं. एरवी रात्री डोळे मिटायला लागले की 'उद्या' व्हायचं. एक-दोन थेंब चुकल्याने दुखत नाही, खुपत नाही, कमी दिसत नाही, मग उठायचं कशाला? मी प्रेशर दिवसाला चौदा वेळा मोजत होते आणि थेंब आठवड्यातून चार वेळा घालत होते. हे लिहिताना आत्ताही कानकोंडं होतं.

थेंब घालायची पद्धतही धड नव्हती. मी थेंब पडला की भराभर पापण्या मिटायचे. एक थेंबसुद्धा डोळ्यात पूर्ण मावत नाही, बाकीचा गालावर. आता खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळे मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवते, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. बाहेर आलेलं लगेच पुसते, नाहीतर डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते. चुकलेल्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोनदा घालावं का, असंही विचारून झालं. नको, हे औषध दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातलं तर उलट त्याचा असर कमी होऊ शकतो. आणि हो, पापण्यांचे केस लांब, दाट झालेत. ऑफिसातली एक मुलगी मस्कारा कुठला वापरते विचारत होती.

वेळ रात्री झोपतानाची न ठेवता साडेआठची केली, फोनचा गजर लावून. नवी बाटली फोडली की तारीख पेनाने बाटलीवरच लिहिते. त्यानंतरच्या पाच महिन्यांत पहाटेचा आकडा १५ ते १७ आणि दिवसाचा १३-१४. पहाट अजून टार्गेटच्या वर आहे. दुसरं औषध की लेझर, हे पुढच्या भेटीत ठरेल. फील्ड टेस्ट या वेळी होती तशीच आली, पण त्यावर नाचण्यासारखं काही नाही. हा आजार इतका सावकाश चालतो की आठ महिन्यांत नस वाचली असं म्हणणं म्हणजे थाप. गेलेलं दिसणं तर परत येणारच नाही.

यंत्र घ्यावं का? तुमच्या डॉक्टरांना ते आकडे बघायचे असतील तर घ्या. भाड्याने किंवा काही दिवसांसाठी मिळत असेल तर आधी तसं करा, एक-दोन आठवड्यांतच पुष्कळ कळतं. डोळा लाल असेल, चिकटत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. आकडा कमी दिसला म्हणून ड्रॉप्स कमी करणाऱ्यांनी तर घेऊच नका. आणि दमा किंवा मंद नाडी असेल तर डॉक्टरांना ते सांगा, कारण टिमोलॉलसारखे ड्रॉप्स अशांना चालत नाहीत. त्याच्या उलट, सांध्यासाठी, त्वचेसाठी किंवा नाकात मारायला कुणी स्टेरॉइड दिलं तर त्या डॉक्टरांना काचबिंदू सांगा, स्टेरॉइडने प्रेशर चढू शकतं.

मी आता महिन्यातून चार दिवस मोजते, दिवसाला चारदा. एरवी यंत्र कपाटात.

दादाला अजून त्यासमोर बसवता आलेलं नाही. सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो हे त्याला तीन वर्षं सांगतेय. "मला दिसतंय की नीट," एवढंच उत्तर. पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्यासाठी दोन प्रोब बाजूला काढून ठेवल्यात. आकडा १४ आला तरी त्याची सुटका नाही, प्रेशर नॉर्मल असूनही नस खराब होणारे असतात. डोळ्याची बाहुली मोठी करून नस बघायला त्याला डॉक्टरांकडे न्यावंच लागेल. अपॉइंटमेंट मी घेऊन ठेवलीय. त्याला अजून सांगितलेलं नाही.