गोव्यातले लिव्हिंग विल: कागद चांगला, रकाने तोकडे

काय तपासले: आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे लिव्हिंग विल (निर्णयक्षमता गेल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) करण्याची गोव्यातली सोय
कुणाच्या नजरेतून: मुख्यतः कॅथलिक कुटुंबे, आणि त्यांच्या आजारपणात धावून येणारे शेजारी
गुण: ५ पैकी ३.५

मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल केले आणि कायद्यात असलेली ही सोय गोव्यात वापरात आली. ख्रिस्ती घरात हा कागद निघाला की पहिली शंका ठरलेली असते: व्हेंटिलेटर नको असे लिहून ठेवणे म्हणजे आत्महत्याच ना?

नाही. चर्चने हे आज ठरवलेले नाही. प्रत्येक उपाय करून जगत राहणे बंधनकारक नाही, हा विचार सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश धर्मपंडितांपासून चालत आला आहे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांसमोर तोच सांगितला: सामान्य उपाय करायलाच हवेत, असामान्य उपायांची सक्ती नाही. १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रात तर कुटुंबावर अवाजवी खर्च लादायचा नाही, ही इच्छाही उपचार नाकारण्याचे रास्त कारण मानली आहे. आयसीयूचे बिल पाहिलेल्या घरांनी ते वाक्य जरूर वाचावे. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला (कॅटेकिझम) २२७८ वा परिच्छेद सांगतो की जाचक, धोक्याचे किंवा फायद्याच्या मानाने अवाजवी उपचार थांबवता येतात. तिथे मरण घडवून आणायचा हेतू नसतो. ते आपल्याला अडवता येत नाही एवढेच मान्य केलेले असते. इंजेक्शन देऊन जीव घेणे मात्र चर्चलाही मान्य नाही आणि भारतीय कायद्यालाही. या मुद्द्यावर दोघांचे जमते.

आता सोयीकडे. सर्वोच्च न्यायालयाचा मूळ निकाल ९ मार्च २०१८ चा. त्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे, त्यामुळे फारसे कुणी वाटेला गेले नाही. २४ जानेवारी २०२३ च्या सुधारणेने काम सोपे झाले. सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असलेल्या कुणालाही दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करता येतो. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. आपल्या वतीने बोलणारी माणसे नावानिशी लिहायची. एकाहून जास्त नावे चालतात आणि ती द्यावीतच. एक मुलगा दुबईत आणि दुसरा जहाजावर, अशी घरे गोव्यात कमी नाहीत. फोन उचलेल आणि बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) तासाभरात पोचेल असे एक नाव हवेच. मग एक प्रत त्या माणसांकडे, एक घरच्या डॉक्टरकडे, एक पंचायत किंवा पालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. सिंधुदुर्गातून गोमेकॉत येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्यांची प्रत त्यांच्या गावच्या संस्थेकडे जाते, गोव्यातल्या नव्हे. पंचायतीत नुसती प्रत टाकून येऊ नये, आवक शिक्का मारून पोच घ्यावी.

गोव्यात एक गोंधळ हमखास होतो. आपल्याकडे मालमत्तेचे मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर, म्हणजे उपनिबंधक कार्यालयात होते आणि त्यात वारसांच्या सक्तीच्या हिश्श्याचा प्रश्न येतो. लिव्हिंग विलचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. त्याला साधा नोटरी पुरतो. दोन्ही एकाच कागदात कोंबू नयेत. मृत्युपत्र उघडेपर्यंत उपचारांचा निर्णय होऊन गेलेला असतो.

गुण कापले ते मजकुरासाठी. हाती येणारे बहुतेक छापील नमुने यंत्रांच्या यादीसारखे असतात: व्हेंटिलेटर हो की नाही, डायलिसिस हो की नाही, छातीवर दाब देणे हो की नाही. ख्रिस्ती नीतिविचार यंत्राला सामान्य किंवा असामान्य ठरवतच नाही. तो विचारतो, या रोग्याला, या अवस्थेत, यातून फायदा किती आणि जाच किती? न्यूमोनियात चार दिवसांचा व्हेंटिलेटर हा अगदी रास्त उपाय असू शकतो. फुप्फुसाचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात असताना तेच यंत्र अवाजवी ठरते. म्हणून खुणा करून मोकळे होऊ नये, खाली अट लिहावी. उदाहरणार्थ: ‘बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात, माझी निर्णयक्षमता गेलेली असताना, व्हेंटिलेटर सुरू करू नये, सुरू केला असल्यास डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीत सुधारणा न दिसल्यास काढावा.’ सुरू केलेला उपाय अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडला नाही तर थांबवता येतो, हेही १९८० च्या घोषणापत्रात आहे. एकदा नळी घातली की काढणे पाप, ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी कितीतरी माणसे आठवडेच्या आठवडे अडकून पडतात.

‘कृत्रिम उपचार नकोत’ असले मोघम वाक्य तर अजिबात नको. मजकूर संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळ (निर्णय घेणारे डॉक्टर, पुढे येतेच) तो अमलात आणत नाही, असे न्यायालयाचेच निर्देश आहेत.

सर्वांत नाजूक रकाना नळीने अन्नपाणी देण्याचा. इथे कायदा आणि चर्च यांच्या वाटा वेगळ्या होतात. कायदा त्यालाही उपचार मानून नाकारू देतो. चर्चची भूमिका अशी की अन्नपाणी ही तत्त्वतः सामान्य शुश्रूषा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००४ मध्ये ती मांडली, २००७ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केली. रोगी दीर्घकाळ बेशुद्ध आहे एवढ्याच कारणाने नळी काढणे कॅथलिकाला मान्य होणार नाही. पण शरीर अन्न पचवूच शकत नसेल, किंवा नळीनेच मोठा त्रास होत असेल, तर सक्ती उरत नाही. व्हॅटिकनच्या २०२० च्या पत्रातही हेच आहे. आतड्याला अडथळा आलेल्या रोग्याच्या पोटात किंवा पाणी साठून सुजलेल्या देहात आणखी ओतणे याला शुश्रूषा म्हणता येत नाही. छापील नमुन्यात एवढ्या बारकाव्याला जागा नसते. ही ओळ हाताने लिहावी, आणि लिहिण्यापूर्वी विगाराशी, म्हणजे आपल्या चर्चच्या मुख्य फादरशी, व घरच्या डॉक्टरशी बोलावे, दोघांशी.

वेदनाशामकांचा रकाना बिनधास्त भरावा. औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा धोका असला, तरी हेतू वेदना थांबवण्याचा असेल तर ते चालते. धर्मशिक्षणाचा ग्रंथ २२७९ व्या परिच्छेदात तसेच म्हणतो. लोटलीच्या शांती अवेदना सदनात शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा होते. अशा ठिकाणी जायची इच्छा असेल तर तीही कागदात घालावी.

आणि फादरना बोलावण्याची ओळ. ती एकाही छापील नमुन्यात दिसली नाही, आश्चर्यच आहे. घशात नळी गेल्यावर बोलून पापनिवेदन करता येत नाही, कम्युनियन गिळता येत नाही. उरतो तो मुख्यतः आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे फादरने रुग्णाला पवित्र तेल लावण्याचा विधी. म्हणून नळी घालण्याआधी निरोप जावा, असे लिहावे.

प्रोटेस्टंट पंथांत एका पीठाचा आदेश नसतो, त्यामुळे तिथे बरेच काही ज्याच्या त्याच्या विवेकावर. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक रक्त घेत नाहीत. त्यांच्यासाठी हा कागद पुरेसा नाही, कारण तो असाध्य आजारातच लागू होतो आणि रक्ताचा प्रश्न अपघातात किंवा बाळंतपणात येतो. अपघातात १०८ आली की कुणाच्याच खिशातला हा कागद चालत नाही, उपचार होणारच. ते बरेच आहे.

अंमलबजावणीची साखळी लांब आहे. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ. मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ यांचे दुसरे. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. मग नाव दिलेल्या माणसांची संमती, मग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे. मोठ्या इस्पितळात हे जमते. छोट्या नर्सिंग होमला पहिल्या मंडळाचे तज्ज्ञ गोळा करतानाच नाकी नऊ येतात. तेव्हा दाखल होतानाच विचारावे: तुमच्याकडे मंडळ आहे का? मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या गोवा खंडपीठाकडे जाता येते.

विचार बदलला तर लेखी रद्द करता येते. दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला ग्राह्य धरतात; म्हणून नवा केल्यावर जुन्याच्या सगळ्या प्रती, पंचायतीतलीसुद्धा, बदलून घ्याव्यात.