‘७२ टूथ’ म्हणून विकलेलं पॉकेट रॅचेट, आत दात २४

पॉकेट रॅचेट ऑनलाइन घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा आणि मग काय ते ठरवा. पॉकेट रॅचेट म्हणजे तळहातात मावणारं, चपट्या डोक्याचं, ज्यात पाव इंची षटकोनी बिट, म्हणजे स्क्रू फिरवायचं टोक, बसतं ते. माझं काम मॉड्युलर किचनच्या फिटिंगचं आणि नंतरच्या दुरुस्तीचं, पुणे-पिंपरी-चिंचवड पट्ट्यात, त्यामुळे हे टूल हौसेला नको होतं, रोजच्या वापरातलं आहे.

कुठे लागतं तर सिंकखालच्या कपाटात. तिथे बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकच्या सांडपाण्याचा बाटलीसारखा भाग, असतो, आरओचे पाइप असतात, काही घरांत कचऱ्याच्या डब्याची जाळी दाराला लावलेली असते, आणि बिजागरीची प्लेट नेमकी बाजूच्या पॅनलला चिकटून. ड्रिल मशीन आडवं मावत नाही. बुटका स्क्रू ड्रायव्हर आत जातो पण मनगट वळत नाही. तिथे चपटं रॅचेटच पाहिजे, कारण ते स्क्रूच्या रेषेत फार जागा घेत नाही, २५ मिमीचं छोटं बिट आणि डोक्याची जाडी मिळून ४ सेंमीच्या आसपास जागा मिळाली तरी काम होतं, बाकी हँडल इकडेतिकडे हलवायचं.

रॅचेटच्या डोक्यात दातेरी चक्र आणि त्यात अडकणारा खटका असतो, हँडल एका बाजूला ओढलं की बिट फिरतं आणि मागे आणलं की ते टिक टिक करत मोकळं येतं. आता हँडल हलवायला किती जागा लागते हे दातांवर. आतल्या चक्राला २४ दात असतील तर एक टिक म्हणजे १५ अंश, ३६ असतील तर १०, ६० ला ६ आणि ७२ ला ५. हँडल १० सेंमीचं धरा, १५ अंशाला त्याचं टोक अडीच सेंमीपेक्षा जास्त हलवावं लागतं तेव्हा कुठे एक टिक पडते, ५ अंशाला एक सेंमीच्या आत. मोकळ्यावर बसून काम करणाऱ्याला ह्यातला फरक कळणारही नाही पण पाइप आणि पॅनलच्या फटीत हात घालून बसलेल्याला लगेच कळतो. वेरा ह्या जर्मन कंपनीच्या झायक्लॉप मिनीला ६० दात आहेत, तेवढ्यावरच लोक त्याला नावाजतात. म्हणून ७२ लिहिलेलं दिसलं की आपल्यासारखा माणूस थांबतो, आणि हे विकणाऱ्यांना पक्कं माहीत असतं.

तर लिस्टिंग अशी. एका मोठ्या शॉपिंग ॲपवर, नाव घेत नाही, ‘७२ टूथ मिनी रॅचेट, एस-२ स्टील बिट, हेवी ड्यूटी’. छापील किंमत २,४९९ खोडलेली आणि खाली ६४९. फोटोत टूल एकदम देखणं, मॅट फिनिश, डोक्यावर एका कंपनीचं नाव कोरलेलं, बाजूला बिटांची पट्टी आणि त्यात बिजागरीच्या स्क्रूला लागणारं पी-झेड २ बिट स्वच्छ दिसतंय. रेटिंग चारच्या वर, रिव्ह्यू हजारोंनी. मागवलं.

आलं ते साध्या पाकिटात. टूलवर कुठलंही नाव नाही. बिटांच्या पट्टीत साध्या अधिकच्या खाचेला लागणाऱ्या पी-एच २ चे चार भाऊ आणि पी-झेड एकही नाही. ज्यांना ह्यातला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बिजागरीच्या स्क्रूचं डोकं नीट बघा, अधिकच्या खाचेच्या मधे मधे चार बारीक रेषा असतील तर तो पोझिड्राइव्ह, त्याला पी-झेड बिटच लागतं. पी-एच त्यात बसल्यासारखं वाटतं आणि जोर दिला की खाच खाऊन टाकतं. चांगल्या कंपनीच्या बहुतेक बिजागऱ्यांना पी-झेड २ च असतो, तरी अर्धी दुनिया पी-एच ने पिळत बसते आणि वर बिजागरीला शिव्या घालते, असो.

माझ्याकडचं पी-झेड २ बिट मी त्यात लावलं आणि वाकडला एका काकूंकडे सिंकखालचं दार बसवायला घेतलं. पहिलं लक्षात आलं ते बिट भोकात डुगडुगतंय. मग स्क्रू सैल झाल्यावर दुसरी गंमत, हँडल मागे आणलं की टिक पडायच्या ऐवजी स्क्रूही मागे यायला लागला. आतली स्प्रिंग एवढी कडक आणि खडबडीत की तिला ढकलण्यापेक्षा स्क्रूला फिरणंच सोपं. चांगल्या रॅचेटचं मागे येणं एवढं हलकं असतं की सैल स्क्रू जागेवर राहतो, आणि राहिला नाहीच तर डोक्याभोवती दातेरी कडं असतं ते बोटाने फिरवायचं. ह्याला कडं फोटोत होतं, हातात आलं त्याला नव्हतं.

शेवटी घट्ट करायच्या वेळी खटक्याने दात सोडला. कट्ट करून हँडल सुटलं, बोटांची पेरं ग्रॅनाइटच्या खालच्या कडेवर आणि बिट स्क्रूच्या खाचेतून बाहेर. खाच गेली. काकू मागे चहा घेऊन उभ्या, म्हणाल्या, “अहो दादा, राहू द्या, उद्या करा हवं तर.” तो स्क्रू मग डोकं घासून काढावा लागला आणि प्लेट माझ्या खिशातून नवीन दिली, कारण त्यात त्यांचा काय दोष.

घरी येऊन टिका मोजल्या. हे कोणालाही जमतं म्हणून सविस्तर लिहितो. बिट लावा, बिटाच्या एका कोपऱ्यावर मार्करने ठिपका द्या, त्याच्या समोर डोक्यावर दुसरा ठिपका. हँडल घट्ट धरायचं आणि बिट पक्कडीत पकडून ज्या बाजूला मोकळं फिरतं त्या बाजूला सावकाश फिरवायचं, एक एक टिक मोजत, ठिपका परत ठिपक्यासमोर येईपर्यंत. माझ्या २४ भरल्या. एक गोष्ट मात्र खरी, की टिका म्हणजे दात असं दर वेळी नसतं. काही चांगल्या रॅचेटमध्ये ३६ दातांचं चक्र असतं आणि दोन खटके अर्ध्या दाताने पुढेमागे लावलेले असतात, मग टिका ७२ पडतात, आणि त्यांनी ७२ लिहिलं तर ती फसवणूक नाही, कारण आपल्याला हँडल ५ अंशच हलवावं लागतं. पण २४ टिकांचे ७२ कुठल्याच हिशोबाने होत नाहीत. तिनाने गुणलं तर होतात, बहुतेक तेच केलं असेल.

मग बिटं. एस-२ हे टूल स्टील, नीट कडक केलेलं असेल तर साधी कानस त्यावरून सरकते, फार तर ओरखडा येतो. मी त्यातलं एक पी-एच २ शिकंज्यात धरून कानस मारली तर ॲल्युमिनियमसारखा भुगा पडला. बाजूला ‘एस-२’ असं ठसठशीत छापलेलं, छापायला काय जातंय.

आणि त्या हजारो रिव्ह्यूंचं काय? ते मी ‘नवीन आधी’ लावून खाली खाली वाचत गेलो. वरचे ताजे रिव्ह्यू सगळे शिव्यांचे, खटका सुटतो, बिट वळलं, वगैरे. त्याच्या खाली गेलं की लोक लिहितायत “झाकण छान बसतं, गळत नाही”. कुठल्यातरी डब्याची की बाटलीची जुनी लिस्टिंग होती, तिचं रेटिंग चांगलं झाल्यावर नाव, फोटो आणि माल बदलून तिथे रॅचेट टाकलेलं. म्हणजे तारे डब्याचे आणि माल रॅचेटचा. हा प्रकार टूल्समध्ये सर्रास चालतो, त्यामुळे तारे बघूच नका, ताजे रिव्ह्यू आणि त्यातले ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा.

रिटर्न टाकलं आणि खरी मजा तिथून पुढे. लिस्टिंगवर बारीक अक्षरात ‘फक्त रिप्लेसमेंट’. ठीक, रिप्लेसमेंट तर रिप्लेसमेंट. पिकअपला पोरगा आला, त्याने ॲपमधला फोटो उघडला आणि माझ्या हातातलं टूल बघून म्हणाला, “दादा, ह्याच्यावर कंपनीचं नाव नाही, फोटोत आहे, मॅच होत नाही, मला घेता येणार नाही.” म्हणजे खोटा माल पाठवला म्हणून परत द्यायचा, आणि खोटा आहे म्हणूनच परत घेत नाहीत! पोराचा काही दोष नाही, त्याच्या ॲपमध्ये टिक झाल्याशिवाय त्याला पार्सल उचलता येत नाही. पण तुमच्या नावावर ‘ग्राहकाने वेगळी वस्तू दिली’ असा शेरा पडतो आणि विकणारा निवांत. मला तर वाटतं फोटोत नाव कोरलेलं टूल आणि पाकिटात बिननावाचं हे मुद्दामच करतात.

विकणाऱ्याशी चॅट केलं तर पहिल्यांदा म्हणाला ७२ म्हणजे दात नव्हे, ७२ न्यूटन मीटर, म्हणजे पिळाच्या जोराचं माप. बिटाला एवढा पीळ दिला तर त्याचं काय होईल हे त्यालाही माहीत नसावं. मग म्हणाला १५० रुपये देतो, टूल ठेवून घ्या आणि रिव्ह्यू काढा. हे चॅट जपून ठेवलं ते पुढे कामाला आलं.

मधे अजून एक जण टपला. मी सोशल मीडियावर त्या ॲपला टॅग करून तक्रार लिहिली, तर थोड्या वेळात ॲपच्याच लोगोचं एक अकाउंट, “सर आपला रिफंड अडकला आहे, ह्या नंबरवर बोला.” बोललो तर समोरचा गोड आवाजात सांगतोय की एक फाइल पाठवतो ती मोबाइलमध्ये टाका, स्क्रीन शेअर करा, म्हणजे पैसे लगेच. ६४९ च्या रिफंडला माझी स्क्रीन कशाला बघायची? फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक. रागावलेल्या गिऱ्हाइकाला हे लोक बरोबर हेरतात, कारण त्याला पैसे परत यायची घाई असते. रिफंड ॲपच्या ऑर्डर पानावरूनच होतो, त्याला पिन, ओटीपी, फाइल काही लागत नाही. कोणाचे पैसे असे गेलेच तर ताबडतोब १९३० लावा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे आणि तिथे जेवढ्या लवकर कळवाल तेवढी रक्कम मधेच गोठवता यायची शक्यता जास्त.

माझं काम झालं ते १९१५ वरून. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, ऑनलाइन पण नोंदवता येतं. मी तिथे तीन गोष्टी मांडल्या. एक, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट आणि टिका मोजतानाचा व्हिडिओ. दुसरं ते दीडशे रुपयांचं चॅट. आणि तिसरं पाकिटाचा फोटो, ज्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, कुठल्या देशाचा माल ते नाही, महिना-वर्ष नाही, किंमत नाही. पॅकबंद मालाच्या २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे हे सगळं छापावंच लागतं. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे की ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. ‘माल खराब आहे’ असं मोघम लिहिलं तर तसंच मोघम उत्तर येतं, पण लेबल आणि नियमाचं नाव घेतलं की भाषा बदलते, हा माझा अनुभव. पैसे परत आले, टूल परत मागितलंच नाही. प्लेटचे आणि गेलेल्या वेळेचे अर्थातच कोणी दिले नाहीत. त्यासाठी ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी पण नाही, पण एवढ्यासाठी कामं सोडून कोण जाणार, आणि विकणाऱ्यांचं सगळं गणित ह्याच ‘कोण जाणार’ वर आहे.

ऑनलाइन घेणारच असाल तर पार्सल उघडताना लेबलपासून व्हिडिओ सुरू करा, त्याच व्हिडिओत टूलवरचं नाव नसलं तर ते दाखवा आणि टिका मोजा, आणि रिटर्नचं कारण देताना ‘चुकीची वस्तू आली’ हे निवडा, ‘आवडली नाही’ नको. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढा, नंतर ती बदललेली असते. माझी बदलली, आता तिथे टॉर्च विकतायत, तारे तसेच.

मी स्वतः परत पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात गेलो. मुंबईवाल्यांना नागदेवी स्ट्रीट. जाताना खिशात आपलं एक चांगलं बिट न्यायचं, दुकानात ते लावून डुगडुगतं का बघायचं, अंगठ्याने हँडल मागे आणताना किती अडतं ते बघायचं, आणि उलटसुलट करायची कळ दोन्हीकडे नीट कट्ट करून बसते ना, मधेच अडकत नाही ना हे बघायचं, कारण ती अर्धवट बसली तर खटका अर्धाच लागतो आणि जोर दिला की सुटतो. मी ३६ वालं घेतलं, ३६ म्हणूनच विकलेलं, दुकानदारासमोर मोजून. छोट्या डोक्यात बारीक दात टिकवायला स्टील चांगलं लागतं आणि स्वस्तात ते येत नाही, त्यामुळे स्वस्त ७२ पेक्षा प्रामाणिक ३६ किंवा अगदी २४ सुद्धा बरं, फक्त कुठे वापरायचं ते ठरवून घ्यायचं. अगदीच अडचणीच्या जागेला मी आता आधी बोटाने कडं फिरवून स्क्रू बसवतो आणि शेवटच्या पिळालाच हँडल वापरतो, तेवढ्याला १० अंश पुरतात.

कोणाकडे ६० किंवा ७२ वालं वर्षभर वापरून टिकलेलं असेल तर टिका मोजून सांगा, कुठून घेतलं तेही लिहा.