बारी ते पात्रास: इटली आणि ग्रीस जोडणारी रात्रीची बोट

इटली आणि ग्रीस हे दोन देश दहा-बारा दिवसांच्या एकाच सहलीत पाहायचे म्हटले, की बहुतेक आराखडे एकाच साच्यातून निघतात: व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, मग विमानाने अथेन्स आणि शेवटी सांतोरिनी. या साच्यात दोन्हीकडची प्रसिद्ध स्थळे पाहून होतात, परंतु या दोन देशांचा अडीच हजार वर्षांपासून एकमेकांशी जो संबंध आहे, तो प्रवाशाच्या नजरेस कोठेच पडत नाही. इटलीच्या पुलिया प्रांतातील बारी बंदरातून संध्याकाळी सुटून दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास ग्रीसमधील पात्रास बंदराला लागणारी मोटारवाहू बोट हा संबंध प्रत्यक्ष दाखवते, आणि म्हणूनच छोट्या सहलीसाठीसुद्धा मी विमानाऐवजी तिचीच शिफारस करतो. इटली-ग्रीस जलमार्गांवर एकाहून अधिक कंपन्यांची जहाजे चालतात. येथे मी कोणा एका कंपनीची नव्हे, तर या मार्गावरील सेवेची समीक्षा करत आहे.

पहिला आक्षेप वेळेचा घेतला जातो. रोम ते अथेन्स हे उड्डाण सुमारे दोन तासांचे असते, तर बोटीला साधारण सोळा तास लागतात. मात्र रोममधून विमानतळ गाठणे, तपासणीच्या रांगा, सामानाची प्रतीक्षा, पुन्हा अथेन्स विमानतळावरून शहरात येणे आणि ग्रीसचे घड्याळ इटलीच्या एक तास पुढे असणे, हे सारे जमेस धरले तर विमानप्रवासातही दिवसाचा मोठा भाग जातोच. बोट रात्रीचा वेळ वापरते, एका रात्रीचे हॉटेलचे भाडे वाचवते आणि उरलेली सकाळ पाहण्यासारखी करते. अर्थात, हा हिशेब बसवण्यासाठी इटलीतील मुक्काम दक्षिणेकडे सरकवावा लागतो. ज्यांना व्हेनिस आणि मिलान सोडवत नाही, त्यांनी विमानच घ्यावे. आंकोना किंवा व्हेनिसहूनही ग्रीसकडे बोटी जातात, पण तो प्रवास बराच लांबतो आणि छोट्या सहलीत मावत नाही.

मी सुचवतो तो क्रम असा: रोमहून जलद रेल्वेने तासाभराहून थोड्या अधिक वेळात नापोली, तेथे मुक्काम करून एक दिवस पेस्तुम, आणि मग बारी. पेस्तुमला सहसा कोणी जात नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या संपूर्ण सहलीचा पाया तेथे आहे. नापोलीहून साध्या रेल्वेने सव्वा ते दीड तासावर ग्रीक वसाहतकारांनी उभारलेली तीन डोरिक शैलीची मंदिरे उभी आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुने, हेरा देवीचे मंदिर, इ.स.पू. ५५० च्या सुमाराचे, म्हणजे अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरापेक्षा जवळजवळ शतकभर आधीचे आहे. त्याच्या दर्शनी बाजूस नऊ स्तंभ आहेत. विषम संख्येमुळे एक स्तंभ नेमका मध्यावर येतो आणि आत जाणाऱ्याची वाट अडवतो. स्तंभ मध्यभागी ठळकपणे फुगलेले आहेत आणि त्यांच्या माथ्यावरचे दगड दबून पसरल्यासारखे दिसतात. हे डोळ्यांत साठवून जो प्रवासी चार दिवसांनी अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर पार्थेनॉनच्या आठ स्तंभांपुढे उभा राहतो, त्याला तेथील प्रमाणबद्धता कोणी समजावून सांगावी लागत नाही. शतकभरात कारागिरांनी काय काय दुरुस्त केले, हे तो स्वतः पाहू शकतो. विमानाने थेट अथेन्स गाठणाऱ्याला हा आनंद मिळत नाही.

नापोली ते बारी या मार्गावरील जलद रेल्वेचे काम अजून पुरे झालेले नाही, त्यामुळे बहुधा कासेर्ता येथे गाडी बदलावी लागते किंवा थेट बस घ्यावी लागते. रोमहून मात्र बारीला थेट जलद गाडी असून ती सुमारे चार तास घेते. बारीत सकाळीच पोहोचावे. जुन्या शहराच्या गल्ल्यांत बायका दारात बसून ओरेक्येत्ते नावाचा लहान वाटीसारखा पास्ता हाताने वळत असतात, आणि जवळच संत निकोलसचे बॅसिलिका आहे, जेथे बारीच्या खलाशांनी १०८७ साली आशिया मायनरमधील मायरा येथून आणलेल्या त्या संताच्या अस्थी तळघरात ठेवलेल्या आहेत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स भाविकही येथे दर्शनाला येतात, त्यामुळे ग्रीसची चाहूल याच तळघरात लागते. शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना: ओरेक्येत्ते आणि चीमे दी रापा या पालेभाजीच्या प्रसिद्ध पदार्थात बहुधा ॲन्कोव्ही हे खारवलेले मासे असतात, म्हणून आधी विचारून घ्यावे. त्याऐवजी सुक्या फावा दाण्यांचे पिठल्याइतके घट्ट वरण आणि कडसर चिकोरीची भाजी मागवावी, किंवा टोमॅटो आणि ऑलिव्ह घातलेला बारीचा फोकाच्चा घ्यावा. बोटीवर नेण्यासही तो उत्तम.

या सेवेतील सर्वांत दुबळा भाग बोटीत चढण्याचा आहे. ऑनलाइन घेतलेले तिकीट दाखवून बंदरावरील खिडकीवर प्रवेशपत्र घ्यावे लागते. खिडकी आणि जहाज एकमेकांपासून दूर असतात, मधले अंतर बंदराच्या बसने कापावे लागते, आणि आम्ही गेलो तेव्हा तेथे मार्गदर्शक फलक तोकडे होते, बसायला जागा अपुरी होती आणि चौकशीला उत्तर देणारे कोणी सहज सापडत नव्हते. ही बोट मुळात मालमोटारींसाठी चालते हे येथेच कळते, कारण पायी येणारे प्रवासीही त्याच उतरणीवरून, प्रचंड ट्रकांच्या शेजारून आत शिरतात. ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर सामान हलके ठेवावे आणि सुटण्याच्या किमान दोन तास आधी बंदरावर असावे. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने पारपत्रावर शिक्के मारण्याचा सोपस्कार येथे नसतो. ओळख पटवण्यासाठी पारपत्र मात्र हातात लागते.

तिकिटाचे प्रकार साधारण तीन: केवळ डेक, विमानासारखी खुर्ची, आणि केबिन. उन्हाळ्यात तरुण मुले स्लीपिंग बॅग घेऊन उघड्या डेकवर झोपतात आणि त्यांना ते परवडतेही. खुर्चीचा पर्याय मला सर्वांत कमी पसंत आहे. त्या दालनातील वातानुकूलन रात्री बोचण्याइतके थंड असते, दिवे पुरते मालवत नाहीत, आणि वाचलेल्या पैशांची किंमत दुसऱ्या दिवशी थकव्याने मोजावी लागते. केबिन घ्यावीच. स्वतंत्र न्हाणीघर, स्वच्छ चादरी आणि बंद होणारे दार एवढ्याने प्रवासाचा सारा नूर पालटतो. एकट्याने जाणाऱ्यांना सामायिक केबिनमधील एक बर्थ मिळू शकतो, आणि त्यात स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी असते. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त पडते आणि रात्रीपुरती ती पुरेशी आहे, कारण पाहण्यासारखे जे आहे ते सकाळी, आणि ते डेकवरूनच पाहायचे. पहाटेपूर्वी बोट वाटेतील इगूमेनित्सा या ग्रीक बंदराला लागते तेव्हा घोषणा, साखळ्यांचे आवाज आणि ट्रकांची घरघर यांनी झोपमोड होते. यावर कानात घालायचे बोळे हाच उपाय.

जेवणाची सोय स्वयंसेवा उपाहारगृहात असते आणि ती अपेक्षेहून चांगली वाटली. ग्रीक स्वयंपाकात तेलात मंद शिजवलेल्या भाज्यांची मोठी परंपरा आहे: टोमॅटोच्या रसातील मोठे पांढरे वाल, फरसबी, भात भरलेले टोमॅटो. मूसाका या वांग्याच्या पदार्थात खिमा असतो आणि भरलेल्या टोमॅटोतही कधी कधी खिमा घालतात, हे लक्षात ठेवावे. ‘नीस्तीसिमो’, म्हणजे उपवासाला चालणारे, असे विचारल्यास मांस, अंडी आणि दूध नसलेला पदार्थ मिळतो. परंतु ग्रीकांच्या उपवासाला कालवे आणि माकूल चालतात, म्हणून तेवढी चौकशी वेगळी करावी. एक महत्त्वाची गोष्ट भ्रमणध्वनीची: खोल समुद्रात फोन जहाजावरील उपग्रह-जाळ्याशी आपोआप जोडला जातो, त्याचे दर फार चढे असतात आणि युरोपातील रोमिंगची सवलत त्याला लागू होत नाही. बोट सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा.

इगूमेनित्सानंतरची सकाळ हे या तिकिटाचे खरे मोल आहे. उजाडल्यावर डेकवर यावे आणि पात्रासपर्यंत तेथून हलू नये. डाव्या हातास मुख्य भूमीचे डोंगर दिसत असतात. त्याच किनाऱ्यावर ॲक्टियमचे भूशिर आहे, जेथे इ.स.पू. ३१ मध्ये ऑक्टेव्हियनच्या आरमाराने अँटनी आणि क्लिओपात्रा यांचा पराभव केला आणि रोमच्या साम्राज्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे लेफ्काडा, केफालोनिया आणि होमरच्या महाकाव्याचा नायक ओडिसिअस याचे मानले गेलेले इथाका ही बेटे येतात, करडी, उंच आणि जवळजवळ निर्जन दिसणारी. पात्रासच्या आखातात शिरताना ७ ऑक्टोबर १५७१ च्या लेपांतोच्या युद्धाचे पाणी ओलांडले जाते. व्हेनिस, स्पेन आणि पोप यांच्या संयुक्त आरमाराने तेथे उस्मानी आरमाराचा पराभव केला, आणि त्याच लढाईत ‘डॉन किहोते’चा लेखक सेर्व्हान्तेस याचा डावा हात कायमचा निकामी झाला. उत्तर किनाऱ्यावर मेसोलोंगी आहे, जेथे ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात सामील होण्यास आलेला कवी बायरन १८२४ मध्ये वारला. एका सकाळीत, खुर्चीवर बसून, रोम, व्हेनिस आणि आधुनिक ग्रीस यांच्या इतिहासातील एवढी स्थळे ओळीने पाहायला मिळणारा दुसरा साधा प्रवासी मार्ग मला ठाऊक नाही. बोटीवर याची माहिती देणारा एकही नकाशा किंवा फलक मला आढळला नाही, ही मोठी उणीव आहे. नकाशा आपणच सोबत न्यावा.

शेवटी समोर रिओ-अँटिरिओ पुलाचे पांढरे मनोरे दिसू लागतात. २००४ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर खुला झालेल्या या पुलाचा तारांनी तोललेला भाग २,२५२ मीटर लांब आहे. पात्रासमधील संत अँड्र्यूचे भव्य चर्च पाहावे, कारण पंधराव्या शतकात इटलीत नेलेला त्या संताच्या मस्तकाचा अवशेष १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी परत पाठवला आणि तो आज तेथे आहे. नवे बंदर शहराच्या मध्यापासून दूर असल्याने टॅक्सी लागते. अथेन्सहून येणारी रेल्वे पात्रासपर्यंत अजून पोहोचलेली नाही, म्हणून अथेन्सला बसनेच जावे. सुमारे २१० किलोमीटरच्या या रस्त्याला अडीच ते तीन तास लागतात आणि वाटेत १८९३ मध्ये खुला झालेला कोरिंथचा कालवा ओलांडला जातो. एक दिवस हाताशी असेल तर अथेन्सची घाई करू नये. पिर्गोसमार्गे ऑलिंपियाला जाऊन तेथे मुक्काम करावा. अथेन्समध्ये अक्रोपोलिसचे प्रवेशपत्र ठरावीक वेळेचे असते आणि एप्रिल २०२५ पासून ते ३० युरोंचे झाले आहे. बसला उशीर होऊ शकतो, म्हणून ते बोटीच्या दिवसाचे न घेता दुसऱ्या दिवशी सकाळचे घ्यावे.

हिवाळ्यात दक्षिणेचे वारे सुटले की समुद्र खवळतो, आणि दोन्ही देशांत वाहतूक कामगारांचे संप होत असतात. त्यामुळे परतीचे विमान बोटीच्या लगेच दुसऱ्या दिवशी ठेवणे धोक्याचे आहे. किमान दोन रात्री मध्ये असाव्यात. एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत सोयीचा. मुंबईहून जाताना रोमला आणि येताना अथेन्सहून असे विमानाचे तिकीट काढावे, म्हणजे मागे फिरावे लागत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात अधिक रात्री काढायच्या आहेत त्या देशाकडे करायचा असतो, आणि रात्री समान असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश होतो त्याच्याकडे. बोटीवरील रात्र कोणत्याच देशाच्या हॉटेलात दिसत नाही, म्हणून बोटीचे आरक्षण अर्जासोबत जरूर जोडावे आणि अर्जातील दिनक्रमात ती रात्र स्पष्ट लिहावी.