वजन जुळलं आणि तिथंच फसले

मामांनी १९६८ साली लंडनमध्ये घेतलेली अंगठी म्हणायला आजही आमच्याकडं आहे. तेव्हा तिकडं अँड्र्यू ग्रिमांसारखे कारागीर गुळगुळीत सोनं सोडून झाडाच्या सालीसारखं खडबडीत काम करत होते. आमची अंगठी ग्रिमांची नव्हे, पण वळण तेच. १८ कॅरेट सोनं, वर सालीसारखे पदर आणि त्यात एका अंगाला कलंडून बसवलेले नऊ हिरे, सगळे मिळून दीड कॅरेटचे. आतल्या बाजूला लंडनचा शिक्का म्हणून बिबट्याचं तोंड, मुकुट, १८चा आकडा आणि घडवणाऱ्याची अक्षरं. आजीला ती कधीच आवडली नाही. तिच्या गळ्यात कोल्हापुरी साज. "सोनं जळलंय काय गं ह्याचं?" म्हणायची.

लेकीच्या बोटात सैल व्हायची, म्हणून कोल्हापुरात गुजरीजवळच्या, म्हणजे सराफ बाजाराजवळच्या, बोळातल्या एका सोनाराकडं दिली. त्यानं माझ्यासमोर काट्यावर ठेवली, ९.४२ ग्रॅम. पावतीवर लिहिलं, 'अंगठी १, पांढरे खडे ९'. "हिरे लिहा की," म्हटलं, तर हसून म्हणाला, "ताई, आमच्यात सगळ्याला खडंच म्हणत्यात. अंबाबाईच्या दारात बसलोय, फसवून जाणार कुठं?" देवीचं नाव आलं की आपण कोल्हापूरकर गप्प बसतो. मीही बसले.

चार दिवसांनी अंगठी मिळाली. वजन ९.४१. "बघा, हाय तेवढं हाय." मी खूश होऊन सही केली. सालीचं काम मात्र घासून चकचकीत केलेलं. वाईट वाटलं, पण हौसेनं पॉलिश केलं असेल म्हणून सोडून दिलं.

घेर तीन मिलिमीटरनं कमी झाला होता. म्हणजे तेवढा सोन्याचा तुकडा कापून निघाला. मग वजन उतरायला नको? पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी, आणि हा हिशेब सुचला नाही.

ती साल परत करून मिळेल का, एवढंच विचारायला मी गुजरीतल्याच एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेले. त्यांनी भिंग लावलं, खड्यावर तोंडाची वाफ सोडली. हिऱ्यावरची वाफ लगेच उडते, ही रेंगाळली. "ताई, हे अमेरिकन डायमंड हाईत." मग कागदावर मांडून दाखवलं. दीड कॅरेट हिरे म्हणजे ३०० मिलिग्रॅम. अमेरिकन डायमंड दीडपटीहून जड, त्यामुळं त्याच आकाराचे ५००च्या आसपास भरणार. वाढले २००. कापलेला तुकडा आणि घासून काढलेली साल मिळून तेवढंच सोनं गेलं. "त्यानं वजन केलं न्हाई, जुळवलं," काका म्हणाले.

हॉलमार्किंग केंद्रात तपासून आणली, तर सोनं अस्सल ७५ टक्के. असणारच, ती तपासणी सोन्याची. खड्यांबद्दल ती काहीच सांगत नाही.

पहिल्या सोनारानं शांतपणे पावती पुढं केली. नऊ पांढरे खडे घेतले, नऊ दिले, खाली तुमची सही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, म्हणून इथं दुकानाचं नाव लिहीत नाही.

तुमच्याकडं असा जुना दागिना असेल तर पावतीवर 'हिरे' हाच शब्द, नग आणि कॅरेट लिहून घ्या. नाही म्हणाला तर उठा. देण्याआधी खड्यांचे जवळून फोटो काढा. माझ्याकडं एकच आहे, मामांच्या हातातला, अंधुक. माप कमी करायला दिवस लागत नाहीत, तेव्हा समोर बसून करून घ्या आणि कापलेला तुकडा मागा, तो तुमचा आहे. हिरा तपासायच्या पेनावरही भरवसा नको. अमेरिकन डायमंड त्याला कळतो, पण मोइसनाइट नावाचा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा त्याला हिराच वाटतो.

हिऱ्यांचे पैसे कदाचित मिळतीलही. पण जोड नेमका आतल्या शिक्क्यावर दिलाय. बिबट्याचं अर्धं तोंड राहिलंय. घडवणाऱ्याची अक्षरं कुठली होती ते मी कधी लिहून ठेवलं नाही, आणि विचारायला आता मामा नाहीत.