खाणीतून झिरपणारे आम्लपाणी: चुन्याचा प्रकल्प की पाझर-तळी?

१९९१ साली इंग्लंडमधल्या दोन खाणी बंद पडल्या. एक कॉर्नवॉलमधली व्हील जेन, कथलाची. दुसरी लेक डिस्ट्रिक्टमधली फोर्स क्रॅग, जस्त, शिसे आणि बराइटची. खाण बंद झाली की पंप थांबतात, बोगदे भरतात आणि खडकातले पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) विरघळवून आलेले पाणी वाट मिळेल तिथून बाहेर पडते. व्हील जेनला जानेवारी १९९२ मध्ये एका जुन्या बोगद्याचे तोंड फुटले. कोट्यवधी लिटर आम्लपाणी कार्नन नदीत गेले आणि खाली खाडीपर्यंत पाणी गेरूसारखे लाल झाले.

दोन्हीकडचे पाणी शुद्ध करण्याचे मार्ग अगदी उलटे निघाले. व्हील जेनला १९९४ मध्ये पाणथळीचा नमुना-प्रकल्प उभारून आधी नैसर्गिक पद्धत तपासली गेली, तरी २००० पासून काम चालते ते चुना, ढवळण्या आणि पंपांवर. फोर्स क्रॅगला २०१४ पासून कंपोस्ट भरलेली दोन तळी आहेत. पाणी उतारानेच वाहते आणि चुना कुणी टाकत नाही. तुमच्या खाणीला यातले काय लागू पडेल, ते बांधकामाच्या खर्चावरून ठरवू नका. पाण्याचा आम्लभार (रोज एकूण किती आम्लता येते) किती आणि दहाव्या वर्षी तिथे देखभालीला कोण असेल, या दोन प्रश्नांवरून ठरवा.

आधी आम्लभार काढा

नुसता सामू (पीएच) मोजून निवड करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सामू ६ असलेल्या पाण्यातही विरघळलेले फेरस लोह भरपूर असू शकते. हवा लागली की ते गंजून फेरिक होते, तळाशी बसते, आम्ल सोडते आणि सामू घसरतो.

नमुना दोन बाटल्यांत घ्या. एका बाटलीत जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, नायट्रिक आम्लाने सामू २ खाली आणून. दुसरी तशीच. सामू, विरघळलेला ऑक्सिजन आणि फेरस लोह जागेवरच मोजा. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत फेरसचे फेरिक झालेले असते. न गाळता आम्ल घातले तर तरंगता गाळही विरघळतो आणि आकडे फुगतात.

आता हिशेब. लोह, ॲल्युमिनियम, मॅंगनीज लिटरला मिलिग्रॅममध्ये घ्या:

आम्लता = ५० × (२ × फेरस ÷ ५६ + ३ × फेरिक ÷ ५६ + ३ × ॲल्युमिनियम ÷ २७ + २ × मॅंगनीज ÷ ५५ + हायड्रोजन आयन मिलिमोलमध्ये)

समजा प्रवाह सेकंदाला ५ लिटर, सामू ३.२, फेरस ८०, ॲल्युमिनियम १२, मॅंगनीज ६, आणि फेरिक जवळजवळ नाही. आम्लता येते सुमारे २५० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. तिला प्रवाहाने आणि ०.०८६४ ने (सेकंद-मिलिग्रॅमचे दिवस-किलो करायला) गुणले की रोजचा भार साधारण १०९ किलो. पुढची सगळी तुलना याच पाण्यावर करू.

चुन्याचा मार्ग

१०९ किलो भाराला शुद्ध विरवलेला चुना ८१ किलो लागतो. बाजारातला माल शुद्ध नसतो आणि थोडा न वापरताच गाळात जातो, म्हणून रोज शंभरेक किलो धरा. वर्षाला ३६ टनांच्या आसपास. क्रम असा: चुन्याची पातळ लापशी, मिसळटाकी, हवा सोडून फेरसचे फेरिक करणे, पॉलिमरचा अगदी थोडा डोस, मग निवळण टाकी. हवेत काटकसर करू नका. ७ किलो फेरसला १ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो पाण्यात विरघळवायला त्याहून बरीच जास्त हवा सोडावी लागते.

खरे दुखणे गाळाचे आहे. आपल्या उदाहरणात कोरडा गाळ रोज ८५ किलोच्या आसपास निघेल. साध्या निवळण टाकीत त्यात घन भाग जेमतेम ३ टक्के असतो, म्हणजे रोज जवळजवळ ३ घनमीटर पातळ लगदा. तोच गाळ उलटा फिरवून, ताज्या चुन्याशी आधी मिसळून, मग येणाऱ्या पाण्यात सोडला तर जुन्या कणांवरच नवे थर चढतात. कण जड होतात, घन भाग २० टक्क्यांवर जातो आणि रोजचा गाळ अर्ध्या घनमीटरच्या आत येतो. व्हील जेनला हीच दाट गाळाची पद्धत आहे. फिरवण्याचा पंप जास्तीचा लागतो, पण गाळ टाकायच्या खड्ड्याचे आयुष्य कैक पटींनी वाढते. आमच्या मते चुना वापरायचाच असेल तर हा पंप सोडून दुसरे काहीही आधी कापा.

बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी सुरू होतो: सामूच्या इलेक्ट्रोडवर. त्यावर जिप्सम आणि लोहाची साय धरते, आकडा कमी दाखवला जातो आणि यंत्र चुना ओतत राहते. आठवड्यातून एकदा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन दोन बफरवर (सामू ठाऊक असलेल्या द्रावणांवर) तपासायचा, हे कामाच्या वेळापत्रकात नाव घालून लिहा. दुसरे, वीज गेली की चुन्याची लापशी नळीत बसते आणि दगड होते. म्हणून नळ्या सरळ, कोपरे कमी, आणि थांबल्याबरोबर साध्या पाण्याने धुवायची सोय ठेवा.

तळ्यांचा मार्ग

फोर्स क्रॅगच्या तळ्यांत कंपोस्ट ४५ टक्के, लाकडाच्या ढलप्या ४५ टक्के आणि मैलापाण्याचा पचवलेला गाळ १० टक्के असा भराव आहे. पाणी वरून खाली झिरपते, त्याला पंधरा-वीस तास लागतात. आत हवा नसते. जिवाणू सल्फेटचे सल्फाइड करतात आणि जस्त सल्फाइड होऊन भरावातच अडकते. तिथे सेकंदाला ६ लिटर पाणी घेतले जाते. ते पाणी उदासीन (ना आम्ल, ना अल्कली) आहे आणि जस्त काही मिलिग्रॅमच आहे, म्हणूनच हे जमते. सुरुवातीचे काही महिने चहाच्या रंगाचे, वासाचे पाणी येते. त्यासाठी पुढे एक उथळ पाणथळ हवी.

आपल्या आम्ल पाण्याला असा भराव एकटा पुरणार नाही. खाली ६० सेंटिमीटर ते १ मीटर चुनखडीचा थर आणि त्यात छिद्रांचे पाइप लागतील. नियम म्हणून अशा तळ्याला दर चौरस मीटरला रोज ३० ग्रॅम आम्लता धरा. १०९ किलोला ३,६०० चौरस मीटर, म्हणजे ३६ गुंठे. पुढच्या पाणथळीला लोहासाठी चौरस मीटरला १० ग्रॅम धरले तर आणखी ३४ गुंठे.

बंद चुनखडी-चर, म्हणजे हवा लागू न देता पाणी चुनखडीतून नेणारा पुरलेला चर, हा स्वस्त पर्याय पुष्कळांना मोहात पाडतो. तो फक्त ऑक्सिजन, फेरिक आणि ॲल्युमिनियम हे तिन्ही लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असतील तरच करा. आपल्या उदाहरणात ॲल्युमिनियम १२ आहे; पांढरा जेलीसारखा साका दगडांमधल्या फटी भरेल आणि पाणी दुसरीकडून फुटेल.

तळे तुंबत आल्याची खूण सोपी आहे: भरावावरची पाण्याची पातळी महिन्यागणिक चढत जाते. म्हणून काठाला पट्टी रोवा. खालचे पाइप अधूनमधून एकदम उघडून साका बाहेर धुता येईल अशी झडप पहिल्या दिवसापासून हवी, नंतर ती बसवता येत नाही. भराव दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागेल. तो तेव्हा जस्त-कॅडमियमने भरलेला असेल, म्हणजे त्याचीही विल्हेवाट आजच ठरवा. आणि पाणकणीस धातू शोषून घेते हा समज सोडून द्या. बहुतेक धातू तळाच्या मातीत राहतात, रोपांत अगदी थोडे जातात. तरीही तिथे गुरे सोडू नका.

मॅंगनीज आणि पाऊस

हे दोन्ही मार्ग मॅंगनीजपाशी अडखळतात. आपल्याकडे जमिनीवरील पाण्यात सोडायच्या सांडपाण्याला सामू ५.५ ते ९, लोह ३, मॅंगनीज २, जस्त ५ आणि कॅडमियम २ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. चुन्याने मॅंगनीज बसवायला सामू ९.५ ते १० लागतो, आणि तिथे ॲल्युमिनियम पुन्हा विरघळू लागते. मग ॲल्युमिनियम ६.५ च्या आसपास आधी बसवून वेगळे काढायचे, नंतर सामू चढवायचा आणि सोडण्यापूर्वी परत उतरवायचा. पाणथळीत मॅंगनीज लोह संपल्यावरच गंजते. चौरस मीटरला ०.५ ग्रॅम धरले तर खडीच्या गाळणीला एकट्यालाच ५१ गुंठे लागतात. अशा रीतीने तळ्यांची एकूण जागा तीन एकर झाली. खाली पिण्याची विहीर असेल तर सांडपाण्याची मर्यादा विसरा: कॅडमियमची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ०.००३ मिलिग्रॅम आहे.

इंग्लंडचे आकडे कोकणात किंवा विदर्भात जसेच्या तसे आणता येत नाहीत. उन्हाळ्यात बोगद्याच्या भिंतींवर आणि ढिगाऱ्यांवर साठलेले सल्फेटचे क्षार पहिल्या सरीत एकदम विरघळतात, म्हणून सर्वांत तिखट पाणी जूनमध्ये येते, ऑगस्टमध्ये नाही. प्रवाह तर ९० अंशांच्या खाचेवर (पाणी मोजायला आडव्या फळीत कापलेल्या V आकाराच्या खाचेवर) दिसतोच: खाचेच्या तळापासून पाणी १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला ४.४ लिटर, २० सेंटिमीटर झाले की २४.७. तळ्याला दोन्ही गोष्टी झेपत नाहीत. चुन्याचा डोस सामू पाहून वाढवता येतो, पण टाकी मात्र पावसाळी प्रवाहावर बांधावी लागते.

मग कुठे काय

पाणी उदासीन, जस्त-कॅडमियम थोडे, प्रवाह सेकंदाला १० लिटरच्या आत, उतार आणि सपाट जागा दोन्ही हाताशी: तळी घ्या. सामू ४ च्या खाली, ॲल्युमिनियम भरपूर, प्रवाह मोठा, किंवा जागेला डोंगर आणि वस्ती लागून: चुना घ्या, पण वीज, चुना आणि पगार यांचा निधी खाण बंद होण्यापूर्वीच वेगळा ठेवलेला असेल तरच. मधल्या पाण्याला आम्ही मिश्र मांडणी सुचवतो: चुन्याने आम्लता आणि ॲल्युमिनियम उतरवायचे, उरलेले लोह पाणथळीत बसवायचे. कोणत्याही मार्गात पावसाळी स्वच्छ पाणी ढिगाऱ्यावर जाण्याआधीच चर खणून वळवा. त्याने भार जितका कमी होईल तितकी टाकी किंवा तळे लहान होईल. खाच मेमध्ये बसवा आणि निविदा काढण्यापूर्वी पुढच्या मेपर्यंत दर आठवड्याला, जूनमध्ये रोज, नोंद ठेवा.